साडेसात तास

विजापूरची गाडी पावणेनऊला टेकली.
लातूरची बस सव्वाचारला.
मधे सोलापूर.

"चारशेत अख्खं गाव दाखवतो की, मॅडम.
जेवण तुमचं तुम्ही."
रिक्षाच्या पाठीवर लक्ष्मीपती म्याकल
आणि फोन नंबर, त्यातला एक आकडा खरवडलेला.

मांडीवरच्या पेटीकडे त्याने आरशातून पाहिलं.
"काय आहे त्यात?"
"कान तपासायचं यंत्र."
"दुकान? कसलं दुकान?"
रिक्षा सुटली होती. मी पुन्हा सांगितलं नाही.

आधी यादीतलं गाव.
किल्ल्याचा बुरूज, त्यावर उगवलेला पिंपळ,
तिकीटखिडकीत झोपलेला माणूस.
मग तळं, पाण्यात बसलेलं सिद्धेश्वराचं देऊळ.
त्याने रस्त्यातच चपला काढल्या, हात जोडले,
"देवाच्या भोवती बघा केवढं पाणी,
आमच्या नळाला पाचव्या दिवशी."

मग यादी संपली
आणि त्याचं गाव सुरू झालं.
एका मोकळ्या मैदानाशी ब्रेक दाबून म्हणाला,
"इथं चिमण्या होत्या. दोन."
हात वर नेत नेत त्याने उंची दाखवली
तेव्हा कळलं, कुठल्या चिमण्या.
"पहिल्या भोंग्याला नाना उठायचे,
दुसऱ्याला भाकरी फडक्यात,
तिसऱ्याला पळत.
आता सगळ्यांकडे मोबाईल, तरी सगळ्यांना उशीर."

साखर पेठेत चुलतभावाचा कारखाना.
चार लूम, एक बंद, तिघांचा कल्लोळ.
माझं तोंड हललं, माझं मलाच ऐकू आलं नाही.
तो मात्र भुवई उडवून, बोटं नाचवून
पलीकडच्या टोकाशी गप्पा मारत होता,
कुणाचं लग्न ठरलं, कुणी लूम भंगारात घातला,
सुताचा भाव; मधेच माझ्याकडे बोट, दोघांचं हसू.
तिथे बहिरी मी होते.
चादरीवर मोर उतरत होता, अर्ध्या पिसाऱ्याचा,
आमच्या घरीही असलाच एक मोर होता,
इस्त्री करताना खाली अंथरायचा,
डोळ्यावर करपलेला.

"सतरा वर्षं," बाहेर येऊन तो ओरडला.
बाहेर तर शांत होतं.

कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
बायकोचा फोन आला, त्याने तो
डाव्या हातातून उजव्या हातात घेतला,
उजव्या कानाला लावला, तेलुगूत रागावून घेतलं.
मी डावीकडून म्हटलं, "पाणी द्या जरा."
तो भाकरी मोडत राहिला.

तीन वाजता कंबर तलावाच्या कठड्यावर, लिंबाखाली.
"आता चिमण्या नाही राहिल्या गावात."
"सांगितलंत की मघाशी."
"त्या नव्हे हो. पाखरं. चिवचिव करणारी.
पोरगं लहान होतं तेव्हा लै असायची."

आमच्या डोक्यावरचा लिंब
चिमण्यांनी नुसता उकळत होता.

यंत्रमागावरच्या माणसांचे कागद
मी वर्षानुवर्षं काढत आलेय.
रेघ सरळ चालता चालता
चार हजारांपाशी विहिरीत पडते.
चिमण्या तिथेच राहतात, त्या विहिरीत.

पेटी शेजारी होती. वेळ होता.
लातूरच्या शिबिरात हेच फुकट करणार होते
उद्या दिवसभर, अनोळखी माणसांचं.
वर बघितलं असतं त्याने तर फांदी हलताना दिसली असती.
तो पाण्याकडे बघत होता.
"हो," मी म्हटलं, "कमी झाल्यात."

स्टँडवर त्याने साडेतीनशेच घेतले.
"किल्ला नीट दाखवला नाही."
मी फिरून त्याच्या उजव्या बाजूला गेले.
"तो खोडलेला आकडा कुठला?"
"काय?"
"नंबरातला. फोन करायचाय तुम्हाला."
"गाव राहिलं काय बघायचं?"
"राहिलं थोडं."
"सात!" तो ओरडला,
आणि फलाटावरची चार माणसं वळून बघू लागली.