सहा छापलं

येळ्ळूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
रात्री साडेनऊला आम्ही भाव ठरवायला बसलो,
मी, भावकाण्णा आणि सोड्याचं नवं बिल.
पोतं महिन्यात एकशे चाळीसनं वर.
कॅल्क्युलेटरच्या फटीत निळी पावडर,
सात दाबला की दोनदा उठायचा.

शंभर ग्रॅमची पुडी, पाच रुपये.
'नव्वद कर की,' भावकाण्णा म्हणाला,
'कोण तोलून बगाय बसलंय?'
बादलीत फेस कुठवर चढतो
ते बायकांच्या कोपराला ठाऊक असतं,
मी म्हटलं.

हुबळीहून एकजण आलेला, कंपनी सोडलेला.
टाय नव्हता, पण गाठ सैल करायची सवय गळ्याशी उरलेली.
मोठ्या पुडीला नऊ नव्व्याण्णव लावा, म्हणाला,
माणूस डावीकडचाच आकडा वाचतो.
आणि एक पैसा परत कोण देणार?
इथं सुट्ट्या रुपयाच्या जागी चॉकलेट देतात,
दहाचं नाणं दिलं तर दुकानदार
उलटंपालटं करून
परत आपल्याच मुठीत ठेवतो.

शेवटी सहा.
पुडीच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड,
भाव मात्र एकदाच, मधोमध.
तेवढीच शाई वाचली.

पहिल्या चाळीस पुड्या नंदगडला.
गंगव्वानं एका हातात जुनी घेतली, एका हातात नवी,
डोळे मिटले.
'तूक तेवढंच हाय. मग आरू कशाला?'
मी सोड्याचं सांगितलं, तिनं तेलाचं.
एकाच सासूच्या सुना असल्यासारख्या
घटकाभर बोललो.

पंधरा दिवसांनी वसुलीला गेले.
फळीवर पंधरा-सोळा उरलेल्या.
बाकावर बसून बघत राहिले.
लग्नघरची आली, सहा.
मोटारसायकलवरून गॉगल न काढता एकानं विचारलं 'एष्टु?'
सहा.
शाळेची शिपाईण, पाच.
बाळंतिणीच्या सासूला दोन पुड्या नऊला,
वर 'दुपटी ऊन पाण्यात भिजव' हे फुकट.
एक म्हातारी काहीच न देता गेली.
गंगव्वानं खडूनं चौकटीवर रेघ ओढली,
आधीच्या रेघांना चिकटून.

सहा मी छापलं होतं.
ती ते वाचतच नव्हती.
गिऱ्हाईक उंबऱ्याशी येईतो
चपलेच्या आवाजावरून
भाव लागलेला असायचा.

माझे पैसे मात्र पुरे.
बत्तीस पुड्या संपल्या होत्या तोवर, पाच-वीसच्या दरानं
एकशे सहासष्ट,
आणि चाळीस पैशांचं चॉकलेट.

वहीत कसं लिहायचं हे?
मी रकाने दोनच आखलेत: माल, दर.

निघताना तिच्याकडनं चुरमुरे घेतले, एक माप.
माझ्याकडे बघून ती जराशी थांबली.
मग म्हणाली, 'पंधरा.'

खानापूर येईपर्यंत बसमध्ये
पिशवी मांडीवर धरून बसले होते.
पंधरा जास्त होते
की कमी.