तार्तूला गेलेलं पाकीट

हेल्वेनं पाकीट पुढे सरकवलं, तेव्हा
टपालवाल्या लेम्बितनं विचारलं, काय गं, बियाणं?
तसंच म्हण, ती म्हणाली
आणि कानापर्यंत लाल झाली.

साठीची बाई, बेटावरची.
घरात राईच्या पावाचं आंबवण, लाकडी काठवटीत,
सासूच्या सासूपासून चालत आलेलं.
त्याचा वास जरा फिरला की तिला कळतं,
पाव बिघडायच्या कितीतरी आधी.
स्वतःच्या पोटानं मात्र
कधी चकार शब्द काढला नव्हता.

तार्तूत, थंड खोलीत, कुणी पिरेत
नळीतल्या चिमूटभर मळात
कोण कोण नांदतं ते मोजते.
लाखोंच्या त्या वस्तीत
एक जात जरा जास्तच.
तिचं बिऱ्हाड खरं तर तोंडात, हिरड्यांपाशी;
ही इतक्या खाली कशाला आली?

पुरावा नव्हे. कुजबूज फक्त.
पिरेत तेवढंच लिहिते: आतून बघून घ्या.

मार्चमध्ये, किनाऱ्याला अजून बर्फ असताना,
डॉक्टरांनी हरभऱ्याएवढी गाठ काढली.
बिघडू लागली होती, पसरली नव्हती.
गाठीमुळे जंतू आले की जंतूंमुळे गाठ?
हेल्वेनं विचारलं.
अजून नक्की ठाऊक नाही, ते म्हणाले,
आणि तिला ते उत्तर आवडलं.

घरी येऊन तिनं हात न धुताच
काठवटीवरचं फडकं उचललं, वास घेतला.
ठीक आहे.

फ्रिजवर दुसरं पाकीट, यूलोचं, न फोडलेलं.
त्यावर कॉफीच्या कपाची
तीन वर्तुळं.
आज चौथं.