मफलर

डिसेंबरात, सक्करदऱ्याला,
कानाला मफलर गुंडाळूनच मी शटर उचलतो.
सुगतनं गाडी लावली. सायलेन्सर पोत्यात.
"मोकळी झाली ना आता काका. पिकअप वाढला असंन."

बस म्हटलं मागं.
मानेवाड्याकडं पुलाचा चढ लागला
अन् दुसऱ्या गिअरातच तिचा जीव गेला:
वाघाचा आवाज, शेळीची ओढ.
मूठ सोडली की लवंगी फुटल्यासारखं, ठो, ठो.
दुकानात प्लग काढून दाखवला, खडूसारखा पांढरा.
"पेट्रोल कमी, हवा जास्त. व्हॉल्व्ह जळंन बाप्पा.
वरून चालान. कोणासाठी बे हे?"

तो पाना फिरवत राहिला.
"बाबा तीस वर्षं कोराडीले टर्बाइनवर होते.
हॉर्न नाही ऐकू येत त्याइले. हे येते.
खिडकीत येऊन उभे राहतात."

सायलेन्सर बसवला. क्लॅम्प मात्र
हातानं निघेल एवढाच कसला.
"गल्लीच्या तोंडाशी काढत जा.
दोनशे मीटरात व्हॉल्व्ह नाही जळत."
"तापलेला राहीन ना, काका."

मफलर सोडून त्याला दिला.
तो गेला, गपगुमान.
मी उघड्या कानांनी उभा,
थंडी आत शिरेस्तोवर.