पाण्याची वही

वेंगुर्ल्याच्या झोपेत, पहाटे चारला,
व्हॉल्व्हची हातभर चावी घेऊन निघतो.
खालच्या वाडीला पूर्वी पाऊण तास सोडायचो,
आता अठरा मिनिटं.
बाकीचं ‘सागरदर्शन’ला.
सात मजले, छप्पन्न फ्लॅट,
उजेड तीन खिडक्यांत.
माणसं मे महिन्यात येतात,
टाक्या रोज भरतात,
ओसंडून खाडीला मिळतात.

गिरपकाकूंची विहीर शिमग्यापासून मचूळ.
त्यांचा चहा खारट लागतो;
मी बोलत नाही, त्याही नाहीत.

आज त्या नळाशी वाकलेल्या होत्या.
अठरा झाली.
कळशी भरत आली की तिचा आवाज चढतो,
तो अजून चढला नव्हता.
चावीवर हात ठेवून उभा राहिलो.

तेवीस.

मग नगरपरिषदेच्या वहीत लिहिलं:
खालची वाडी, अठरा.