एक टोपली माती, तीन टोपल्या कोळसा

तिंगक्वेई काका पायांनी तुडवायचे
एक टोपली माती, तीन टोपल्या कोळशाची भुकटी.
भुकटी एकटी टिकत नाही,
सांडते, विझते. माती तिला धरून ठेवते.
"मातीशिवाय काही उभं राहत नाही," म्हणायचे.
तेव्हा ते स्वतः उभे राहू शकत होते.

ग्वेइचौच्या डोंगरात आमच्या घरामागचा उतार:
कुदळ मारली की निघायची
पिवळी, थंड, लोण्यासारखी.
फुकटची.

खूप नंतर श्यू नावाची बाई आली,
बरण्यांत माती भरत म्हणाली,
इथे चुनखडी होती, मध्ये राखेचे थर.
पाऊस चाटत राहिला, युगंच्या युगं.
चुना विरघळला, नदीबरोबर निघून गेला.
ज्याला जाता आलं नाही ते मागे राहिलं,
आणि त्या चिकट गाळाच्या पापुद्र्या-पापुद्र्यांत
वहीत लपवलेल्या नोटेसारखं
फ्लोराईड.

"वास येतो का त्याला?" आईनं विचारलं.
"नाही."
"मग?"

मग चूल. आमच्या चुलीला धुराडं नव्हतं.
आमच्या शरदात ऊन नसतं, धुकंच असतं,
म्हणून मका आढ्याला, मिरच्या मक्याखाली,
आणि आम्ही मिरच्यांखाली.
धूर सगळ्यांना सारखाच वाटला जायचा.
कणसांच्या केसांत बसायचा,
जेवताना किंचित तुरट लागायचा.
आम्ही म्हणायचो, घरची चव.

सातव्या वर्षी माझे दात आले ते खडूसारखे,
मग त्यांवर तपकिरी ठिपके, मग कपचे.
गावात सगळ्यांचे तसेच,
म्हणून तोच दातांचा रंग.
पहिला शुभ्र दात मी टूथपेस्टच्या खोक्यावर पाहिला,
वाटलं, रंगवलाय.
शिऊछिन ताई दूर बुटांच्या कारखान्यात गेली,
तिथे हसताना तळहात तोंडाशी न्यायला शिकली.
लग्नाच्या फोटोत ओठ मिटलेले.
फोटोवाला म्हणाला, नवरी गंभीर आहे.

काकांची कोपरं आधी अडली.
भाताचा वाडगा तोंडापर्यंत जाईना,
तोंडच वाडग्यापाशी येऊ लागलं.
मग पाठ.
डॉक्टरनं एक्स-रे खिडकीशी धरला:
हाडं पांढरीफटक, नको तितकी भरलेली.
डोंगर झिजून मऊ झाला,
आणि त्यानं जे सोडलं त्याचा
काकांच्या कण्यात पुन्हा खडक झाला.

यंदा सरकारी चूल आली, लोखंडी,
नळकांडं छपरातून बाहेर.
भिंतीपाशी सांध्यात फट राहिली.
आई उठली, टोपली घेऊन मागे गेली,
पिवळी माती आणून अंगठ्यानं दाबून बसवली.
मी काही बोललो नाही.
दुसरं काय लावणार होतो?

संध्याकाळी चूल पेटली.
काका उंबऱ्यावर, हनुवटी गुडघ्यांशी,
नजर जमिनीपलीकडे उचलत नाही.
"जातोय का बाहेर?" त्यांनी विचारलं.
मी वर पाहिलं, दोघांच्या वतीनं.
धुकं होतं. धूर कुठला, कळेना.
"जातोय," म्हणालो.