गुदस्ता

कुंभार गल्लीत तानुबाईच्या भिंतीवर
पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
"गुदस्ता पानी हितवर आल्तं," ती म्हणाली
आणि शाडूनं भरलेलं बोट
रेघेवर टेकवून गेली.

मी कार्ड काढलं. विद्यापीठाचं काम,
एका शब्दाला एक कार्ड, पावणेतीनशे झाली होती.
लिहिलं : गुदस्ता. मागच्या वर्षी.
मग आठवलं, मागच्या वर्षी
पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून
तिथंच थांबली होती.
हा पूर त्याच्या कितीतरी आधीचा.

"मावशी, गुदस्ता म्हंजे गेल्या साली ना?"
"व्हय की."
"मग पूर?"
"गुदस्ता."
थोरली कागलला दिली, ती गुदस्ता.
आव्याची भिंत खचली, गुदस्ता.
"आमचं मालक गेलं, त्येबी गुदस्ताच."
आत फोटोवरचा प्लास्टिकचा हार
इतका पिवळा, की फुलं कसली ते कळेना.
मी खाली बारीक अक्षरात लिहिलं :
वापर चुकीचा.

रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर
कसर लागलेला फारसीचा कोश उघडला.
गुज़श्तन : ओलांडणं, पार होणं.
गुज़श्ता : गेलेलं.
एवढंच. वर्षाचा उल्लेखही नाही.

वर्ष नंतर चिकटलं.
विजापूर, मिरज करत आला असावा,
मोडीच्या दप्तरात बसला :
साल गुदस्त, बाकी इतकी.
कुलकर्ण्यानं सारा मागताना मोठ्यानं वाचला असेल,
आणि चावडीपुढं उकिडव्या बसलेल्या कुणीतरी
बाकी तिथंच ठेवून
शब्द तेवढा घरी नेला.
कसा नेला, भाकरीच्या फडक्यात की शिवीच्या मागं,
ते कोशात नसतं.

"वापर चुकीचा" खोडलं.
पेनाची रेघ जरा जास्तच दाबून आली.

गणपतीच्या आधी परत गेलो.
ती फळ्या ठोकून घेत होती, रेघेच्या दीड हात वर,
खाली ओळीनं मूर्ती, डोळे अजून रेखायचे.
म्हटलं, मावशी, तुमचंच बरोबर होतं.
इराण, बादशाही, दप्तर, सगळं सांगितलं.
तिनं खिळा तोंडातून काढला.
"इतक्या लांबनं आला व्हय," म्हणाली,
"आन् हितं कुंभाराच्यात राबतोय."

"आवंदा येईल का हो पाणी?"
"आवंदा बघू की."

आवंदाचं कार्ड अजून अर्धं आहे.
कोण म्हणतं आयंदा, म्हणजे येणारं,
कोणाला ते पटत नाही.
मुळाच्या जागी प्रश्नचिन्ह,
आणि कार्ड बघायला घेतलं होतं तिनं,
तिथं अंगठ्याचा शाडू.