साडेसहाशे शब्द

पिओरियात ऑक्टोबर सरता सरताच पहाटे गाडीची काच खरवडावी लागते.
शर्वरी जेवणाच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडा,
वरणाच्या डागाशेजारी सात कॉलेजांची यादी,
तारखा लाल पेनाने.
निबंध तेवढा अडलाय.
शाळेतल्या ड्वोराकबाई म्हणाल्यात,
"सोसलेलं काहीतरी लिही. तेच वाचतात ते."

"आई, आपण काय सोसलंय गं?"
जसं विचारावं, घरात हिंग आहे का.

मी गॅस बारीक केला. मग सांगितलं,
आजवर झाकून ठेवलेलं:
तू तिसरीत होतीस, बाबाची नोकरी गेली,
व्हिसाचे साठ दिवस हातात,
आणि पिवळी अजस्र यंत्रं बनवणाऱ्या या गावाला
माणूस नको होता.
तू झोपलीस की खोकी भरायचो.
"पसारा आवरतोय," म्हणायचो सकाळी.
चोपन्नाव्या दिवशी फोन आला.
खोकी सोडली, तीही रात्रीच.

"तरीच माझे रंग सापडत नव्हते," ती म्हणाली.
बोटं कळांवर तशीच. एक अक्षर उमटलं नाही.
"हे तुझं आहे, आई. मी नाही घेणार."

मला बरं वाटलं,
आणि थोडा रागही आला:
एवढं चांगलं दुःख, फुकट चाललं होतं.

रविवारी प्रिंटरमध्ये दोन पानं सापडली.
तिचं क्लॅरिनेट. शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं
मागची रांग, एकटीने एकदाही नाही.
चाळीस चाळीस मात्रा गप्प बसायचं,
मनात मोजत,
मग एक सूर, आणि पुन्हा गप्प.
चुकलं तर सगळ्यांना कळतं,
बरोबर आलं तर कुणालाच नाही.
असं काहीतरी, तिच्या इंग्रजीत.
मी दोनदा वाचलं,
स्पेलिंग बघतेय असं दाखवत.

शेवटची तारीख. रात्रीचे साडेअकरा.
फी पंच्याहत्तर डॉलर.
विनायक चष्मा कपाळावर ढकलून
कार्डाचा नंबर वाचतो, मराठीत:
चार, सात, शून्य, शून्य,
एकोणनव्वद —
"एकेक आकडा सांग ना, बाबा."
आठ. नऊ. मग थांबतो.
"हा तीन की आठ? पुसट झालाय."
आणि आम्ही तिघं, डोक्याला डोकं लावून,
दिव्याखाली त्या एका आकड्यावर वाकतो.